स्विंडनला नातेवाइकांकडे चाललात? मग गावही बघा

गोव्यातून इंग्लंडला जाणाऱ्या पुष्कळांचा मुक्काम लंडनला नसतो, स्विंडनला असतो. कुणाची बहीण तिथे, कुणाचा पुतण्या, कुणाच्या शेजारचं अख्खं घर. मँचेस्टर रोडच्या आसपास फिरताना कोंकणी कानावर पडतेच. पण पाहुणे मंडळी रोज सकाळी गाडी पकडून लंडन गाठतात, रात्री थकून परततात आणि ज्या गावात झोपतात ते गाव न बघताच घरी येतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते. रेल्वेने जन्माला घातलेलं गाव कसं असतं हे पाहायचं तर स्विंडनसारखी जागा नाही. शिवाय बसने तासाभरात तुम्ही साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडांमध्ये उभे असता.

रेल्वेचा इंजिन कारखाना नेमका इथेच का, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं. लंडनच्या पॅडिंग्टनपासून स्विंडनपर्यंतचे ७७ मैल लोहमार्ग जवळजवळ सपाट आहे. तिथून बाथ-ब्रिस्टलकडे जाताना मात्र शंभराला एक असे दोन चढ-उतार लागतात. सपाटीवर पळणारं मोठ्या चाकांचं इंजिन अशा चढाला कमी पडायचं, म्हणून वाटेत इंजिन बदलणं भाग होतं. आपल्याकडे ब्रागांझा घाट चढण्यासाठी कुळ्याला गाडीला जास्तीची इंजिनं जोडतात, तसंच काहीसं. ग्लॉस्टरकडे जाणारा फाटाही इथूनच फुटत होता आणि कोळसा आणायला कालवा शेजारी होता. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनप्रमुख डॅनियल गूच याने रेल्वेचा मुख्य अभियंता ब्रुनेल याला पत्र लिहून ही जागा सुचवली. गूच तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता. जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला.

गाव बघायला एक अख्खा दिवस ठेवा. सुरुवात स्टेशनवरूनच होते. ज्या कंत्राटदाराने कामगारांची घरं आणि स्टेशनवरची उपाहारगृहं स्वखर्चाने बांधली, त्याला मोबदला म्हणून प्रत्येक गाडी इथे दहा मिनिटं थांबवायचा करार मिळाला होता. त्या दहा मिनिटांत प्रवाशांनी त्याच्याकडेच खायचं! या करारातून सुटायला रेल्वेला १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजावे लागले.

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की रेल्वे व्हिलेज येतं. चुनखडीच्या दगडातली छोटी, एकाला एक लागून असलेली घरं, मागे अरुंद बोळ. रस्त्यांची नावं वाचत चला: लंडन, रीडिंग, ऑक्सफर्ड, ब्रिस्टल, टॉन्टन, एक्सेटर. ही सगळी त्या काळच्या गाड्यांची स्टेशनं. घरांत आजही लोक राहतात, तेव्हा खिडकीला नाक लावून फोटो काढू नका. मधोमध १८५५ ची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची भव्य इमारत आहे. कामगारांचं वाचनालय, व्याख्यानं, नाटकं, सारं इथे चालायचं. आज ती पडीक आहे, आत जाता येत नाही. पण बाहेरून चारही बाजूंनी फिरा.

जवळच मिल्टन रोडवर १८९०च्या दशकातली स्नानगृहांची इमारत आहे. ती कामगारांच्या मेडिकल फंडाने उभारली. १८४७ मध्ये सुरू झालेल्या या फंडासाठी पगारातून थोडे पैसे कापले जायचे आणि त्यातून डॉक्टर, औषधं, पुढे दवाखाना, दातांचे उपचार असं सगळं घरच्यांसकट मिळायचं. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, त्याच्या शंभर वर्षं आधीची ही व्यवस्था. तुमच्या नातेवाइकांपैकी कुणी तिथल्या इस्पितळात नोकरीला असेल तर त्यांना ही इमारत आवर्जून दाखवा.

मग एम्लिन स्क्वेअरजवळच्या भुयारी वाटेने लोहमार्गाखालून कारखान्याच्या बाजूला या. भोंगा झाला की हजारो कामगार याच वाटेने आत शिरायचे. गल्ल्या आधी, भुयार नंतर आणि संग्रहालय शेवटी, हाच क्रम ठेवा. उलट केलात तर घरांचा आणि कारखान्याचा संबंध लक्षात येत नाही.

स्टीम संग्रहालयाला तीन तास हवेतच. नॉर्थ स्टार या जुन्या इंजिनाची प्रतिकृती पाहताना रुळांमधलं अंतर बघा: सात फूट पाव इंच, म्हणजे सुमारे २१४० मिलिमीटर. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. ब्रुनेलचा हिशेब असा की रूळ रुंद तर गाडी स्थिर आणि वेगवान. तो चुकीचा नव्हता, पण बाकी देश १४३५ मिलिमीटरवर धावत होता आणि दोन गेज भेटतील त्या प्रत्येक ठिकाणी माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा. शेवटी मे १८९२ मध्ये एका शनिवार-रविवारात उरलेला सगळा रुंद मार्ग अरुंद करून टाकला. मीटरगेजचा ब्रॉडगेज होताना पाहिलेल्या आपल्या पिढीला ही उलटी कथा जास्तच भिडते. १९२३ सालचं केअरफिली कॅसल हे इंजिनही इथे आहे. त्याच्या खालून चालत जाता येतं आणि सिलिंडरपासून चाकापर्यंत ताकद कशी पोचते ते खालूनच नीट कळतं. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, १९६० चं ईव्हनिंग स्टार, इथेच जन्मलं. पण ते यॉर्कच्या संग्रहालयात आहे, इथे शोधत बसू नका. कारखान्याच्या इतर शेड्समध्ये आता कपड्यांची सवलतीची दुकानं आहेत. खरेदी होईलच, पण मान वर करून छताचे लोखंडी सांगाडेही बघा.

आता गावाबाहेर. स्टोनहेंजचा हट्ट सोडा, स्विंडनहून बसने ते सोयीचं नाही आणि एरवीच्या तिकिटावर दगडांना हात लावता येत नाही. त्याऐवजी डिव्हायझेसला जाणारी ४९ नंबरची बस पकडून एव्हबरीला उतरा. सुमारे ३३० मीटर व्यासाचं शिळावर्तुळ, त्याभोवती खंदक, बांध आणि आत चक्क एक खेडं. जगातल्या कुठल्याही शिळावर्तुळाहून हे मोठं आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, दगडांना हात लावा, टेकून बसा. मध्ययुगात यातले कितीतरी दगड पुरले गेले. नंतर घरं बांधायला लोकांनी दगड आगीत तापवून, वर गार पाणी ओतून फोडले. मुरंब्याच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यातल्या अलेक्झांडर कायलरने १९३०च्या दशकात पुरलेले दगड खणून पुन्हा उभे केले आणि जिथले नाहीसे झाले होते तिथे काँक्रीटचे छोटे खांब रोवले. हे खांब मोजत फिरलात की किती गेलं ते डोळ्यांना दिसतं.

तिथून पायवाटेने सिल्बरी हिल आणि वेस्ट केनेट लाँग बॅरो करून परत, हे अंतर साधारण ५ किलोमीटर. सिल्बरी ही माणसांनी रचलेली जवळजवळ ४० मीटर उंचीची टेकडी. तिच्यावर चढायला बंदी आहे. पुढे ए ४ रस्ता ओलांडावा लागतो. गाड्या फार वेगाने येतात, मुलांचा हात धरा. लाँग बॅरो ही सुमारे १०० मीटर लांबीची, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची समाधी. आत अंधार असतो, टॉर्च न्या.

चुका होतात त्या अशा. रविवारी बस कमी असतात. परतीची शेवटची बस कोणती ते निघण्याआधी बघा, नाहीतर टॅक्सीला भरमसाट पैसे जातील. खडूची माती भिजली की साबणासारखी होते, गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी माणूस घसरतोच. टेकड्यांवरच्या वाऱ्यात आपली पावसाळी छत्री उलटी होते, टोपीचं जलरोधक जाकीट हवं. हिवाळ्यात नदीकाठची वाट पाण्याखाली जाते आणि चार वाजता अंधारतं. मे ते सप्टेंबर उत्तम. शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवर चालायचा हक्क सर्वांना आहे, बिनदिक्कत जा, पण फाटक जसं मिळालं तसंच ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा १५७ क्रमांकाचा एक्स्प्लोरर नकाशा घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालण्याच्या वाटा.

नातेवाइकांकडे गाडी असेल तर अफिंग्टनचा पांढरा घोडा पाहा. टेकडीच्या उतारावर चर खणून खडू ठासलेली, ११० मीटर लांबीची, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही आकृती. वर गेलात की तुकडेच दिसतात. अख्खा घोडा खालच्या खोऱ्यातून, लांबूनच दिसतो. खडूवर पाय देऊ नका, लोक तो दरवर्षी हाताने नव्याने ठासतात.

तीच ४९ नंबरची बस पुढे डिव्हायझेसपर्यंत घेतलीत तर तिथे केन हिलची लॉक्स आहेत, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटी वरखाली नेणारे दारांचे हौद. कालव्याच्या बोटी दोन मैलांत २९ लॉक्समधून ७२ मीटर चढतात, त्यातली १६ एका रांगेत. एका बोटीला पाच-सहा तास लागतात. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा रेल्वेने आधी कंगाल केला आणि १८५२ मध्ये विकतच घेतला.

तिकिटांचं थोडक्यात. हीथ्रोहून लंडनमध्ये शिरू नका. थेट कोच घ्या, किंवा विमानतळावरून रीडिंगची बस आणि पुढे ट्रेन. लंडनला जायचंच तर सकाळच्या गर्दीची वेळ टाळा, ते तिकीट फारच महाग असतं. साठी ओलांडलेल्यांना पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड मिळतं, दोघं एकत्र फिरणार असाल तर टू टुगेदर कार्ड. दोन्हींवर भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. ॲडव्हान्स तिकीट फक्त त्याच गाडीला चालतं, पुढच्या गाडीत बसलात तर नवं तिकीट काढावं लागतं. आणि घरात कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर जाणार असेल, तर २ एप्रिल २०२५ पासून त्यांनाही आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, काढावा लागतो. भारतीय पासपोर्टला नेहमीचा व्हिसा.