चार किलोची पेटी: आमची वाटचाल

आमच्या पाटीवर ‘स्थापना 2004’ असं रंगवलंय. त्या साली पाटी नव्हती, हेही सांगून टाकतो. सावळज रस्त्याला दाजींच्या मळ्यातलं पत्र्याचं शेड, हप्त्यावर घेतलेला एक टेम्पो, दोन काटे आणि गोडी मोजायचा एक रिफ्रॅक्टोमीटर, एवढीच आमची द्राक्षखरेदीची फर्म. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. भागीदारीचा कागद त्यांच्याच ओट्यावर बसून लिहिला. पन्नास-पन्नास टक्के, माणसं सांभाळायची त्यांनी, गिऱ्हाईक सांभाळायचं मी.

तासगावच्या द्राक्षाला बाहेरची वाट नवी नव्हती. 1991 ला महाग्रेप्स ही बागायतदारांच्या सहकारी संस्थांची निर्यातसंस्था उभी राहिली तेव्हापासून आमच्या वडिलांच्या पिढीनं कंटेनर जाताना बघितलेत. पण ज्याच्याकडे दहा एकर, त्याच्या बांधावर निर्यातदाराची गाडी थांबायची. एकर-दीड एकरवाल्याच्या दारात दलाल यायचा. पेटी चार किलोची, भाव चार किलोचा आणि भरायचे सव्वाचार. “मालाला पाणी सुटतं” असं म्हणायचे. त्या जादा पावशेराचा हिशेब आजवर मला कुणी दिला नाही. आमच्या वडिलांनी तो तीस वर्षं फुकट दिला.

म्हणून पहिल्या दिवसापासून आमचा नियम एकच. काटा शेतकऱ्याच्या बांधावर लावायचा, त्याच्या डोळ्यांपुढं, आणि चार किलो म्हणजे चारच किलो.

हा नियम आम्ही केला असं मी छाती फुगवून सांगतो खरा, पण तो पाळायला लावला आबांनी. आबा आमच्यातलेच एक शेतकरी; त्यांची दीड एकर सोनाका, म्हणजे लांब मण्याचं द्राक्ष, ओढ्याच्या कडेला. तोडीच्या पहिल्या सकाळी धोतराच्या सोग्यात काहीतरी जड गुंडाळून आले. बघतो तर दोन किलोचं लोखंडी माप, त्यांच्या चुलत्यांच्या जुन्या किराणा दुकानातलं. आमच्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी ते ठेवलं. आकडा आला 1.980. आबा काही बोलले नाहीत. बांधावर बसून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. पंचवीस बायका कात्र्या घेऊन उभ्या, टेम्पो उभा, ऊन वर यायला लागलेलं. शेवटी दाजींनी शेजारच्या दूध डेअरीचा काटा मागून आणला, त्यावर 2.000 आल्यावरच पहिला घड तुटला. त्या दिवशी माल उशिरा भरला म्हणून मी दिवसभर आबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

एका छोट्या शेतकऱ्याचा माल चांगला असून भागत नाही. चाळीस फुटी कंटेनरला साधारण 12-13 टन माल लागतो. एकरी दहा टन आला तरी सगळा काही निर्यातीत बसत नाही. म्हणजे चार-पाच प्लॉट एका आठवड्यात तयार पाहिजेत. त्यासाठी गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, तारखा आधीच जुळवाव्या लागतात, कारण छाटणीपासून काढणीपर्यंतचे 120 ते 140 दिवस काही केल्या टळत नाहीत. आमच्या धंद्यातलं खरं काम फेब्रुवारीत नसतं, सप्टेंबरमधल्या बैठकीत असतं. कोण दसऱ्याआधी छाटणार, कोण नंतर, यावरून सख्खे भाऊ त्या बैठकीतून उठून गेलेले मी बघितलेत. 2006 ला ग्रेपनेट आलं, निर्यातीच्या द्राक्षाचा बागेपर्यंत माग ठेवणारी सरकारी नोंदणी. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, पेटीवर कोड. आमच्या लोकांना वहीचा भारी कंटाळा. दाजी रविवारी मोटारसायकलवरून फिरून ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकून वह्या भरायचे.

मग आलं 2010.

त्या हंगामात आमच्या 23 शेतकऱ्यांचा माल चार कंटेनरमधून गेला. आम्ही काही थेट निर्यातदार नाही, परवाना असलेल्या एका मोठ्या पार्टीमार्फत माल जायचा. हंगाम उतरणीला लागला आणि फोन आला. युरोपात तपासणीत सीसीसी सापडलंय, माल अडकलाय. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यात नवी काडी तयार करायच्या छाटणीनंतर, पाच पानांवर शेंडा आवरायला आणि काडीत घड धरायला आमच्याकडे सगळेच मारायचे. एप्रिल-मे मधलं औषध, ते पुढच्या मार्चच्या मण्यात कसं निघेल? पण वेलीत ते राहतं, हे त्या वर्षी कळलं. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नावच नव्हतं, नंतर घातलं. म्हणजे आमच्या हातातल्या अहवालावर सगळं स्वच्छ, आणि बंदरात माल नापास. तो अहवाल अजून माझ्या कपाटात आहे. कुणी आलं की मी काढून दाखवतो, बायको म्हणते आता पुरे.

पार्टीनं हात वर केले. “तुमचा माल, तुमचं नुकसान.” शेतकऱ्यांचे 22 लाख आमच्या अंगावर आले. दाजींचं म्हणणं, सगळ्या जिल्ह्याचं बुडालंय, नाशिककडचं बुडालंय, लोक समजून घेतील. मी म्हटलं, समजून घेतील आणि पुढच्या वर्षी दलालाकडं जातील. आमचं त्या उन्हाळ्यात बोलणं बंद होतं. ताई मधल्या मध्ये डबे पोचवायची.

एका संध्याकाळी आबा शेडवर आले. मला वाटलं धीर द्यायला आले असतील. खुर्ची घेतली आणि म्हणाले, “किती म्हैनं लागतील?”

मी म्हटलं, “दोन हंगाम तरी, आबा.”

“थांबतो. पर कागद करून दे. आन् शेकडा रुपायानं व्याज लाव.”

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचा घरोबा, आणि माणूस व्याज मागतो. पण कागद केला. रक्कम, तारीख, व्याज, माझी सही, खाली दाजींची. ती सही करायला दाजी आले, तेव्हा आमचं बोलणं सुरू झालं. आबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि गावभर दाखवत फिरले. आठ दिवसांत उरलेले बावीस जण कागद करून घ्यायला आले. त्या सगळ्यांना माहीत होतं की आबा फसत नाहीत. टेम्पो विकला, बायकोच्या पाटल्या मोडल्या, दाजींचा ट्रॅक्टर गेला. 2012 च्या हंगामात शेवटचा कागद फाडला. व्याजासकट.

आता दुसरी गोष्ट, जी मी लिहू नये असं घरच्यांचं मत आहे. आमचे दिवस असे अडचणीचे असताना 2011 ला एक व्यापारी गावात उतरला. नाव घेत नाही. पांढरी गाडी, दोन मोबाइल, पेटीला आमच्यापेक्षा वीस रुपये जास्त. पहिल्या वर्षी रोख दिले. आमच्या 23 पैकी 14 जण गेले, त्यातल्या काहींच्या कागदाचे हप्ते मी तेव्हाही फेडत होतो. गावच्या यात्रेत त्याला फेटा बांधला, नारळ दिला. मी मंडपाच्या मागच्या रांगेत होतो. दुसऱ्या वर्षी आठवड्याची उधारी. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये तीन आठवड्यांचा माल उचलला आणि फोन बंद. लोक ठाण्यात गेले, कुणाकडे पावती नव्हती. चिठ्ठ्या होत्या, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या. नऊ जण परत आले. मी एकालाही बोललो नाही. बोललो नाही याचा अर्थ विसरलो असा नाही. आणि तो फेटा बांधणाऱ्यांपैकी एकानंही नंतर आमच्या शेडचा चहा घेतलेला नाही, हे इथं नमूद करतो.

2014 ते 2019 बद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तोडलेला माल लगेच गार करायला प्री-कूलिंग बांधलं, दुसरं शेड झालं, शेतकऱ्यांचा गट 41 वर गेला. 2020 ला टाळेबंदीत माल वेलीवर राहिला तेव्हा निम्म्याचा बेदाणा केला, निम्मा पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात नेऊन विकला. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, हिशेब जेमतेम जमला.

नवीन पोरं विचारायला येतात, बहुतेक शीतगृहाचं अनुदान विचारतात. मी त्यांना आधी रिफ्रॅक्टोमीटर दाखवतो. आमचा पहिला अजून चालतो. काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवायचा, मग रस. घडाच्या खांद्याचा मणी घेऊन 18 ब्रिक्स गोडी दाखवणारे पुष्कळ भेटतील. घडाच्या टोकाचा मणी घ्या, तो सगळ्यात मागे असतो, तो 16 च्या वर असेल तरच कात्री लावा. सकाळी दहाच्या आत तोड संपवा. मणी तापला की प्री-कूलिंग रात्रभर त्याच्याशी झुंजतं आणि देठ काळे पडतात ते पडतातच. शीतगृह नंतर बांधा, आधी पाच वर्षं भाड्यानं घ्या. आणि शेतकऱ्यांनो, पोरीच्या लग्नाची तारीख काढून मग व्यापाऱ्याशी भाव ठरवायला बसू नका. त्याला पत्रिका आधी पोचलेली असते.

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. प्लॉट आता त्यांचा नातू बघतो, सोनाका काढून नवी लागण केलीय. तोडीच्या पहिल्या दिवशी तोही ते दोन किलोचं माप घेऊन येतो. यंदा काट्यावर 1.990 आलं. नातू म्हणाला काटा चुकीचा. आमचा ऑपरेटर म्हणाला, काटा मुद्रांकन होऊन महिना झाला नाही, मापच गंजून झिजलंय. अर्धा तास वाद, बायका कात्र्या घेऊन उभ्या. डेअरी बंद पडून आता बरीच वर्षं झाली, म्हणून पोराला मोटारसायकलवर तासगावला सराफाकडं पाठवलं. तो येईपर्यंत दाजींनी बांधावर बसून तंबाखू मळली.