तुम्ही विचारलंत म्हणून: किती किलो उतरलं?

माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरावं म्हणून पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालंय हे कळलं की लग्नात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कुठेही पहिला प्रश्न हाच येतो. आकडा सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. 118 होते, दोन वर्षांनी 83 आहे. पण ज्यांचं स्वतःचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि जे रात्री अकराला फोन करून म्हणतात की ताई काटा हलतच नाहीये, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण फोनवर नीट सांगून होत नाही.

चौथ्या आठवड्यात माझा काटा 109 वर अडकला तो सतरा दिवस. रोज सकाळी उठून काट्यावर उभी राहायचे, कधी कधी संध्याकाळी पण. पोटाचा पाऊण भाग काढून टाकलाय, दिवसभरात जेमतेम दोन वाट्या सूप आणि ताक जातंय, तरी वजन तिथेच, म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं असं वाटून मी बाथरूममध्ये खूप रडले. डाएटिशियनने समजावलं की सुरुवातीला झपाट्याने उतरतं त्यात पाणी बरंच असतं, शरीरात साखरेचा जो साठा असतो तो स्वतःच्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून ठेवतो आणि खाणं बंद झालं की आधी तो संपतो, मग शरीर थोडं सावरतं आणि काटा थांबतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे खूप जणांचं होतं. तिने मला काटा कपाटावर ठेवायला सांगितला, फक्त मंगळवारी सकाळी काढायचा, आणि शिंप्याकडे असते तसली टेप आणायला सांगितली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्यायचं. त्या सतरा दिवसांत कंबर 121 वरून 117 सेंटीमीटर झाली होती. काटा गप्प होता तेव्हा टेप बोलत होती. आपल्याकडे बाईची कंबर 80 च्या आत आणि पुरुषाची 90 च्या आत असावी असं डॉक्टर धरतात, कारण पोटाच्या आतली चरबीच साखर आणि हार्टला जास्त नडते. मी अजून 80 च्या वर आहे, पण वहीत तो आकडा खाली येताना दिसतो.

आता उलटी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आठव्या महिन्यात एकाच महिन्यात चार किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही खूश. पण त्याच महिन्यात डाळीने भरलेला कुकर ओट्यावरून गॅसवर ठेवताना हात थरथरायला लागले, केस तर विंचरले की पुंजकेच्या पुंजके, आणि जमिनीवर बसले की उठताना खुर्ची धरावी लागायची. बॉडी कॉम्पोझिशन, म्हणजे शरीरात चरबी किती आणि स्नायू किती याची तपासणी केली तर चरबीबरोबर स्नायूही चांगलेच गेले होते. खाण्याचा हिशोब मांडला तेव्हा कळलं की दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन पाहिजे तिथे माझं निम्मंही होत नव्हतं, कारण दोन घास पोळीभाजीतच पोट भरायचं. मग ताटात आधी अंडं, पनीर, मोडाची मटकी, आणि जागा उरली तरच पोळी, शिवाय आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची. त्यानंतर दीड महिना काटा जवळपास ढिम्म. पण त्याच दीड महिन्यात मी हात न टेकता जमिनीवरून उठायला लागले. म्हणजे काट्याने शाबासकी दिली तेव्हा मी खंगत होते आणि काटा थांबला तेव्हा सुधारत होते, मग त्या एकट्यावर कसा विश्वास ठेवायचा सांगा.

म्हणून वही. त्यात दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, कारण ती तपासणी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी साखर सांगते. ऑपरेशनआधी गोळ्या घेऊन 8.9 होती, आता एक गोळी राहिलीय आणि 5.9 आहे. बी12, आयर्न, व्हिटॅमिन डी, हेही त्यातच, पोट लहान झाल्यावर बी12 नीट शोषलं जात नाही, त्यामुळे या तपासण्या आणि सप्लिमेंट आयुष्यभर, कोणी बंद करायला सांगितलं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

आणि झोप. मला स्लीप ॲप्निया होता, म्हणजे झोपेत श्वास मधेच थांबायचा, रात्री मास्कचं मशीन लावून झोपायचे. मशीन यायच्या आधी यांनी कित्येक रात्री जागून काढल्या होत्या, माझा श्वास थांबला की खांदा हलवायचे, हे मला खूप नंतर कळलं. परत स्लीप स्टडी करून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मशीन परत दिलं, आणि त्या रात्री हे माझ्या आधी झोपले. वहीत त्या तारखेपुढे मी एवढंच लिहिलंय, "हे झोपले".

ब्लाउजचं पण सांगते. माझी शिवणारी बाई आधी दर वेळी आतलं मार्जिन उसवून द्यायची, एकदा तर कापड संपलं म्हणून काखेत वेगळी पट्टी जोडली होती. आता त्याच हिरव्या ब्लाउजला तिने आतून तीनदा टीप मारलीय, एकापुढे एक तीन ओळी, उलटा केला की बोटाला लागतात. चौथी मारायला गेले तर ती म्हणाली आता बाही बिघडेल, नवीनच शिवा. मी नवीन शिवला पण तो टाकला नाही.

पुण्यातल्या पर्वतीच्या 103 पायऱ्यांना पूर्वी चार वेळा थांबायचे, आता एकदा थांबते. या दिवाळीनंतर काटा दोन किलो वर गेलाय, पावसाळ्यात पोटाखालच्या सैल कातडीला पुरळ येतं, तो त्रासही आहेच. पुढच्या मंगळवारी रक्त द्यायचंय. रिपोर्ट आला की वहीत लिहीन, त्याच पानावर कंबर आणि पर्वतीला कितीदा थांबले ते.