पंच आणि राक्षस एकच: हॉल मिळवतानाचा माझा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या गावात एका संस्थेचा हॉल आहे. मला तो दर रविवारी तीन ते सात एवढाच हवा होता. मिळायला सात आठवडे लागले, आणि घोडं अडलं ते भाड्यावर नाही, एका ओळीच्या शेऱ्यावर.

आम्ही सहा जण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला खेळ. मूळ नियम फुकट मिळतात, माणसं व्हॉट्सॲपवर जमली, चार डाव आमच्या पडवीत झाले. मग पावसाळा लागला आणि पडवीत लाकडं नि सोडणं येऊन बसली.

अर्जात प्रकार विचारला होता: सभा, स्पर्धा की तालीम. मी 'स्पर्धा'वर खूण केली. तुम्ही करू नका. पुढचं सगळं रामायण त्या खुणेनं घडलं.

"जिंकता कोण?" टेबलामागच्या काकांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"बघणारे किती?"

"शून्य. सगळे खेळतात."

"मगे हॉल कित्याक होयो?"

मी नीट समजावलं. पाच जण एकेक पात्र घेतात. कोणी चोर, कोणी जादूगार. आपलं पात्र काय करतंय एवढंच त्यांनी सांगायचं. बाकी सगळं जग माझ्याकडे: खाणावळवाला, पहारेकरी, गुहेतला राक्षस. कोणी अवघड काही करू म्हटलं की किती आकडा लागेल ते मी ठरवायचं, मग त्यानं वीस बाजूंचा फासा टाकायचा.

आणि इथे मी फासा पिशवीतून काढला. काढायचा नव्हता.

"तुम्ही चोर आहात, काका. कुलूप उघडताय. पंधरा लागतात, दोन तुमच्या हातच्या कसबाचे." फासा टेबलाच्या काचेवरून गडगडत स्टॅम्पपॅडला टेकला. सात. दोन मिळवून नऊ.

"नाही उघडलं."

"म्हणजे नशीबच मां? ह्यो जुगारच, गो." पैसे नाहीत, पैज नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी १८८७ च्या जुगार कायद्याचं नाव घेतलं आणि अर्ज आत पाठवला.

(अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. माझी पहिली प्रत आत हरवली, त्यात दोन आठवडे गेले.)

तिसऱ्या खेपेला अर्ज परत आला. वर लाल शाईत: 'पंच व प्रतिस्पर्धी एकच व्यक्ती असल्याचे दिसते. खुलासा करावा.'

मी घरापर्यंत धुसफुसत आले. राग जास्त अशासाठी की हेच वाक्य महिन्याभरापूर्वी आमच्या औषधदुकानदार मित्राने ऐकवलं होतं, त्याचं पात्र मेलं तेव्हा. "राक्षस तुझा, फासा तुझा, निकालही तुझा." राक्षसाचे फासे मी टाकते, आणि तेव्हा ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकत असे. तशी मुभा नियमांत आहे. पण त्याला काय दिसणार? पुठ्ठाच.

खुलासा दोन पानी झाला. मला जिंकायचंच असेल तर पहिल्याच खोलीत दहा ड्रॅगन सोडेन, पाचही जण गार. मला अडवणारं कोणी नाही, म्हणूनच त्या जिंकण्याला किंमत नाही. माझं काम त्यांना अडचणीत टाकण्याचं आणि ती सोडवायची खरी संधी देण्याचं. लागणारा आकडा मी फासा पडायच्या आधी मोठ्याने सांगते. (हे त्याच रात्री ठरवलं. तेव्हापासून फासेही उघड्यावर टाकते.) खेळाडूंनाही बंधन आहे: 'मी त्याला ठार मारलं' असं म्हणायचं नाही, 'वार करतो' म्हणायचं.

खुलासा कोणी वाचला नाही. काकांनी तो उलटा धरूनच विचारलं, "राकेस पण तूच आणि पंच पण तूच, मगे पोरां जिंकतली कशी?"

उत्तर दिलं ते चहा घेऊन आलेल्या शिपायाने. हा माणूस कार्तिकापासून जत्रांमध्ये दशावतारात उभा राहतो. "अहो, आमच्यात तरी लिवलेला नाटक खय असता? आख्यान ठरता, भाषणां ज्येची त्येणी करूची. राकेस काय राजाक जिंकूक येता? नाटक रंगवूक येता."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग 'स्पर्धा'वर काट मारून 'तालीम'वर खूण केली आणि माझ्या नावापुढे लिहिलं: सूत्रधार. दशावतारातला राक्षस मरणार हे आधीच ठरलेलं असतं, आमच्याकडे ते फासा ठरवतो, हा फरक मी गिळला. सात आठवड्यांनी माणूस शहाणा होतो.

राहिलंच, मोठा ट्रे घेऊन जा. त्या हॉलच्या फरशीला उतार आहे, फासे थेट कपाटाखाली जातात. आणि पात्रांसाठी सावंतवाडीची छोटी लाकडी खेळणी छान चालतात, आमचा जादूगार म्हणजे एक लाकडी वांगं आहे.

परवानगी दर तीन महिन्यांनी नवी करावी लागते. तालमीच्या अर्जात एक रकाना आहे, 'प्रयोगाची तारीख'. आतापर्यंत चार वेळा मी तिथे 'ठरायची आहे' लिहिलंय. गेल्या खेपेला काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तालीम बरीच लांबली गो, नाटक मोठा आसा काय?"