गोळ्या घ्यायला थांबला की घ्यायचा थांबला?

संध्याकाळी माझ्याकडे मिरजेतल्या चार-पाच नर्स मुली इंग्रजी शिकायला येतात. ड्यूटीवरून थेट, रिकामा डबा पिशवीत तसाच. परदेशी नोकरीसाठी ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. त्या परीक्षेत पेशंटविषयी पत्र लिहायला 45 मिनिटं मिळतात, त्यातली पहिली 5 नुसती वाचायची.

परवा सरावाच्या पत्रात एकीनं लिहिलं, ‘द पेशंट स्टॉप्ड टू टेक हिज बीपी टॅब्लेट्स.’ तिला म्हणायचं होतं, पेशंटनं गोळ्या बंद केल्या. वाचणाऱ्याला कळणार, हातातलं काम थांबवून त्यानं गोळ्या घेतल्या. अगदी उलट! पुढचा डॉक्टर समजेल की गोळ्या चालू असूनही बीपी चढलंय, आणि डोस वाढवेल. मी त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला ठेवलं.

तिथं ‘स्टॉप्ड टेकिंग’ हवं. पण नुसता नियम मुली पाठ करतात आणि लिहिताना विसरतात. म्हणून फळ्यावर मराठीच लिहिलं: ‘गोळ्या घ्यायला थांबला’, ‘गोळ्या घ्यायचा थांबला’. एका अक्षराचा फरक, पण एकीलाही समजावून सांगावा लागला नाही.

‘रिमेंबर’ला तर आपल्याकडे क्रियापदंच दोन. ‘रिमेंबर टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव; ‘आय रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘लावायचं’ अजून व्हायचंय, ‘लावल्याचं’ होऊन गेलंय. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं, सगळा भार ‘टू’ आणि ‘आयएनजी’वर. ‘ट्राय’चंही तसंच: खिडकी उघडायचा प्रयत्न केला (‘ट्राइड टू ओपन’), की उघडून बघितली (‘ट्राइड ओपनिंग’)?

हे सगळ्या क्रियापदांना लागू नाही, हेही सांगितलं. ‘स्टार्ट’पुढे दोन्ही रूपं चालतात, अर्थ फारसा हलत नाही. ‘एन्जॉय’पुढे ‘टू’ येतच नाही, ते मात्र पाठच करायचं.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वहीत स्वतःचं वाक्य घेऊन आली. ‘आय रिमेंबर गिव्हिंग द इंजेक्शन, बट आय फरगॉट टू राइट इट डाउन.’ इंजेक्शन दिल्याचं आठवतंय, पण लिहून ठेवायला विसरले. दोन्ही रूपं जागच्या जागी. बरोबरची खूण केली आणि एकदम काळजी वाटून विचारलं, “अगं, खरंच झालंय का हे?”

“नाही मॅडम, वाक्यापुरतंच.”