साइक्सच्या तलावावर

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनातून गाडी सुटली की दहा मिनिटांत स्टॉकपोर्ट. स्टेशन यायच्या जरा आधी गाडी २७ कमानींच्या विटांच्या पुलावरून जाते, पण आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी आलो होतो इथल्या एजली भागासाठी. लिव्हरपूल-मँचेस्टरकडे रग्बी नेणारा रिचर्ड साइक्स इथला.

साइक्स घराण्याचा इथे कापड पांढरं करायचा कारखाना होता. मागावरून उतरलेलं कोरं सुती कापड आपल्या मांजरपाटासारखं मळकट पिवळं असतं. पूर्वी ते क्षारात उकळायचं, आंबट ताकात भिजवायचं आणि गवतावर उन्हात पसरून ठेवायचं. असं महिनोन्‌महिने. त्यात इंग्लंडचं ऊन! ब्लीचिंग पावडर आली आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. धुवायला पाणी मात्र सतत हवं, म्हणून तलाव. कारखाना गेला, तिथे आता घरं आहेत. तलाव अलेक्झांड्रा पार्कला लागून अजून आहेत.

रिचर्डचा जन्म १८३९चा. तो रग्बी गावच्या शाळेत शिकला, तिथे फुटबॉलचा (त्या शाळेचा फुटबॉल म्हणजेच रग्बी) कप्तान झाला. डिसेंबर १८५७ मध्ये लिव्हरपूलच्या एज हिलला सामना ठरला: रग्बीचे विद्यार्थी विरुद्ध बाकीचं जग. पण या खेळाचा चेंडू लिव्हरपुलात कुठला मिळायला? तो साइक्सने आणला. (आमच्या गल्लीत ज्याची बॅट त्याचा पहिला डाव असे. याचं काय झालं असेल?) त्या सामन्यातून लिव्हरपूलचा क्लब निघाला. १८६० साली मँचेस्टरचा निघाला, त्यातही साइक्स पुढे. इंग्लंडची रग्बी युनियन निघायला अजून अकरा वर्षं होती.

घरच्या धंद्यात त्याचा जीव रमला नसावा, असं मला वाटतं. पुढे त्याने अमेरिकेत, डाकोटात, रेल्वे कंपनीकडून हजारो एकर जमीन घेतली आणि साइक्सटन नावाचं गाव वसवलं. तिकडच्या आणखी एका गावाचं नाव एजली!

तलावाच्या काठी एक आजोबा गळ टाकून बसले होते. भीत भीत विचारलं, "इथे रग्बीचं मैदान कुठे?"

"रग्बी? इथे फुटबॉल. स्टॉकपोर्ट काउंटी." त्यांनी मानेनेच एजली पार्क स्टेडियमची दिशा दाखवली.

ते मैदान १८९१ साली बांधलं गेलं, ते स्टॉकपोर्टच्या रग्बी क्लबसाठी. काउंटी हा फुटबॉल क्लब तिथे आला १९०२ मध्ये. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या दोरीवरचं लाल बूच बुडालं. आजोबा उठून उभे राहिले. मी गप्प बसलो.