मोरसला गेलेला भाऊ : डीएनए शोधाचा सहावा महिना

आमच्या मालवणच्या घरात एक वाक्य चार पिढ्या चालत आलंय : खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मोरसला गेला, तो गेलाच. मोरस म्हणजे मॉरिशस. तिकडून येणाऱ्या पांढऱ्या साखरेलाही आपल्याकडे मोरसच म्हणत. त्या भावाचे वंशज मी डीएनए चाचणीतून शोधतोय.

मागच्या नोंदीत पुण्याच्या एका मॅचबद्दल, म्हणजे ज्याच्या डीएनएचे काही तुकडे माझ्याशी जुळतात अशा माणसाबद्दल, लिहिलं होतं. तो धागा सोडलाय. जुळणाऱ्या तुकड्यांची बेरीज ५८ सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक), पण सहा तुकड्यांत विखुरलेली. सगळ्यात लांब तुकडा जेमतेम ११. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, त्याच चार गावांत सोयरिकी झाल्या की असे बारीक तुकडे अनेक वाटांनी येतात आणि बेरीज फुगते. दोन महिने त्यात गेले. आता मी आधी लांब तुकडा पाहतो, बेरीज नंतर.

मॉरिशसमधल्या एका बाईंशी माझे फक्त ३४ सेंटिमॉर्गन जुळतात, पण त्यातले २७ एकसलग. मग आत्याला विचारलं. वय ८४. यातून नको असलेली नातीही बाहेर येऊ शकतात, हे तिला दोनदा समजावलं. ती तयार झाली, तेव्हाच गालात काडी फिरवली. तिचे त्याच बाईंशी ७१ निघाले, सलग तुकडा ३८! दोघींच्या पणजोबांचे आईवडील एकच असतील, तर साधारण एवढेच जुळायला हवेत. खापरपणजोबांच्या दुसऱ्या मुलाकडून आलेला मुंबईचा चुलतभाऊही नवव्या गुणसूत्रावर नेमक्या त्याच जागी दोघींशी जुळतो. म्हणून नातं खापरपणजोबांच्याच बाजूचं, हे नक्की झालं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची चाचणी आधी करा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

आडनावाचा मात्र काडीचा उपयोग नाही. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर तिकडे नेलेल्या मजुरांच्या, नोंदीत स्वतःचं आणि बापाचं नाव लिहीत. पुढे त्या नावांचीच आडनावं झाली. आणि गेलेला माणूस तोच भाऊ की दुसरा कुणी भाऊबंद, हे डीएनए सांगत नाही. त्याला कागदच हवा.

तो कागद आता आवाक्यात आलाय. बाईंच्या घरी पूर्वजाचं जुनं तिकीट, म्हणजे मजुराचं ओळखपत्र, आहे, त्यावरचा नंबर शाबूत आहे. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या नोंदवह्या आहेत. नंबरवरून बापाचं नाव, जिल्हा, गाव मिळू शकतं, काहींचा फोटोही. जिल्हा रत्नागिरी निघाला तरी हरकत नाही. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. मला बघायचाय तो गावाचा रकाना.

त्यांनी गेल्या आठवड्यात अर्ज दिलाय. आत्याचा रोज फोन येतो : "फोटो गावलो तर माका पयलो दाखय."