इतके उदास पुस्तक पुन्हा का वाचता?

कॉर्मॅक मॅकार्थी यांची ‘द रोड’ ही कादंबरी मी आग्रहाने अनेकांना वाचायला देतो आणि ती परत करताना बहुतेक जण एकच विचारतात: महापूर सोसलेल्या सांगलीकराने हे आणखी कशाला वाचायचे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कादंबरी २००६ सालची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जगाची राखरांगोळी झाली आहे. कशामुळे, ते लेखक सांगत नाही. शेत पिकत नाही, जनावर उरलेले नाही आणि जगलेल्यांपैकी कित्येक जण माणसे मारून खातात. अशा मुलखातून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सामानाची ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने चालले आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हा वरच्या मजल्यावर अडकलेल्यांनाही एवढे ठाऊक होते, की पाणी आज ना उद्या उतरणार आहे. बाहेरगावांहून भाकरी-चटणी येत होती. त्या दिवसांत आपल्यातली अर्धी भाकरी शेजाऱ्याला देणाऱ्यांचे मोल मी तसूभरही कमी मानत नाही. पण पुढेही त्याच गल्लीत, त्याच शेजारात नांदायचे आहे, हा आधार त्या देण्यामागे होता. कादंबरीत तो आधारच काढून घेतला आहे. तिथे दिलेला घास कुणी फेडणार नाही, कुणी आठवणार नाही. तरीही तो द्यावा का, हे मुलगा बापाला पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्यासाठीच मी हे पुस्तक वाचतो.

एका प्रसंगात बाप सगळा कोको मुलाच्या कपात ओततो आणि स्वतः नुसते गरम पाणी घेतो. मुलाच्या ते लक्षात येते आणि तो बापाला सुनावतो, की छोटे वचन मोडणारा मोठेही मोडेल. पुढे समुद्रकिनारी एक चोर त्यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो आणि पिस्तूल रोखून अंगावरचे सगळे कपडे, पायातले बूटसुद्धा काढायला लावतो. मुलगा रडत विनवत राहतो. अखेर दोघे माघारी येतात, पण चोर सापडत नाही, तेव्हा त्याचे कपडे आणि बूट ते रस्त्यावर ठेवून जातात. त्याला मारायचे नव्हते, असे बाप म्हणतो; आपण त्याला मारलेच, असे मुलगा म्हणतो. दोघांपैकी कुणालाही मला खोटे ठरवता येत नाही.

मुलाच्या आईला मात्र लेखकाने फारच थोडी पाने दिली आहेत. तिने मरण पत्करले त्यामागचा तिचा विचार बापाच्या जिद्दीइतकाच सविस्तर यायला हवा होता, ही माझी तक्रार कायम आहे.

शेवटी बाप मरतो आणि एक अनोळखी कुटुंब मुलाला आपल्यात घेते. हा शेवट फार सोयीचा आहे, असा आक्षेप माझे एक स्नेही घेतात, तो मला पटत नाही. ते कुटुंब आधीपासून या दोघांच्या मागावर होते. बाप जिवंत असता तर त्याने त्या माणसावरही पिस्तूलच रोखले असते. त्या माणसाशी बोलून, त्याला विचारून, मग विश्वास टाकायचे मुलाने स्वतः ठरवले.